टायपिंगबाईंचे हात

टायपिंगबाई टाइप करताना स्क्रीनकडे बघायच्या नाहीत. बोटांकडे तर नाहीच नाही. कानात डॉक्टरांच्या आवाजाचं रेकॉर्डिंग, पायाखाली ते थांबवायचं पेडल आणि नजर समोरच्या भिंतीवर. त्या भिंतीवर बघण्यासारखं काहीही नव्हतं, एक दिव्याचं बटण आणि त्याच्याभोवती बोटांनी मळलेला रंग. पण बाईंची दहाच्या दहा बोटं अशी चालायची की सोनोग्राफीसाठी पोटभर पाणी पिऊन बाहेर बाकावर बसलेले पेशंट दार किलकिलं करून आत डोकावायचे. डॉक्टरांनी त्यांचं नाव 'गोळीबार' ठेवलं होतं. "गोळीबार सुरू झाला का?" असं विचारतच ते सकाळी आत यायचे. बाई मान वर न करता म्हणायच्या, "कधीच. तुम्हीच उशिरा आलात."

मी त्याच रुग्णालयात कॉम्प्युटर सांभाळतो. प्रिंटरमध्ये अडकलेल्या कागदापासून तळघरातल्या सर्व्हरपर्यंत सगळं माझ्याच गळ्यात. लिहायचं आहे ते बाईंविषयी, पण माझ्याविषयी लिहिल्याशिवाय ते लिहून होत नाही, आणि ते लिहिताना मला लाज वाटते. वाटू दे. वाटायलाच हवी.

बाई तेव्हा सत्तावन्न वर्षांच्या होत्या. एकोणिसाव्या वर्षी टायपिंग शिकल्या त्या एका क्लासमध्ये. तिथल्या शिक्षिका मशीनवर हातरुमाल टाकायच्या आणि त्याच्याखाली हात घालून टाइप करायला लावायच्या. खाली वाकून बघितलं की बोटांवर पट्टी. मुलगा सहा वर्षांचा असताना नवरा गेला. त्यानंतर त्या घरात जे आलं ते या बोटांनी आणलं: मुलाचं शिक्षण, दोन खोल्यांचं घर, मुलाचं लग्न. रोज सकाळी कामाला बसण्याआधी त्या बेसिनपाशी जाऊन हात धुवायच्या आणि एकेक बोट वेगळं पुसायच्या. शस्त्रक्रियेला निघालेल्या सर्जननेही इतकं मनापासून पुसलं नसेल. मी एकदा चेष्टा केली तर म्हणाल्या, "तुमचा स्क्रूड्रायव्हर पुसता ना? मग झालं."

आता माझं. मी लिनक्सचा माणूस आहे. नेहमीची विकतची प्रणाली काढून टाकायची आणि ही फुकटची, जुन्या मशीनवरही पळणारी प्रणाली घालायची, हे माझं वेड. आणि वेड म्हटलं की टेंभा आलाच. प्रशासकसाहेबांनी कुठल्याशा बंद पडलेल्या कार्यालयाचे चाळीस वापरलेले लॅपटॉप आणले, तेव्हा मीच छाती पुढे काढून म्हणालो, "सगळ्यांवर लिनक्स घालतो. बघाच तुम्ही." घातलं. टेबलं मोकळी झाली, जुने अवजड डबे भंगारात गेले, साहेबांनी बैठकीत माझं नाव घेतलं. मी आठवडाभर हवेत होतो.

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स घातलं की दहा खोड्या निघतात, हे मला माहीत होतं. झाकण बंद करून उघडलं की वायफाय जागं होत नाही. आवाजाचं बटण दाबलं की स्क्रीन काळी होते. मोठ्या डॉक्टरांच्या लॅपटॉपवर उजेड कमी-जास्त करायची बटणं चालत नव्हती. त्या दोन बटणांसाठी मी दोन दिवस घातले. जगभरच्या लोकांनी लिहून ठेवलेली पानंच्या पानं वाचली, शेवटी सुरुवातीच्या सेटिंगमध्ये एक ओळ टाकली आणि बटणं चालायला लागली. डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली. थोपटून घ्यायला मी अर्धा तास तिथेच घुटमळत होतो, हेही सांगून टाकतो.

दुसऱ्या आठवड्यात बाई माझ्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. तीन तासांनी घ्यायची ती चहाची सुट्टी सोडून एरवी त्या जागेवरून उठत नसत.

"अहो कॉम्प्युटरवाले, माझी वाक्यं पळतात."

"पळतात म्हणजे?"

"मी खाली टाइप करते, आणि अर्धं वाक्य वरच्या परिच्छेदात जाऊन बसतं. मी बघत नसते, मग छापल्यावर कळतं."

खोलीत तेव्हा दोन वॉर्डबॉय आणि रिसेप्शनवालीही होती. मी म्हणालो, "बाई, वाक्यांना पाय फुटले की काय? दारं लावून घ्या, नाहीतर बाहेर जातील." सगळे हसले. बाईही ओठ दाबून हसल्या. मग मी त्यांच्या खोलीत गेलो, त्यांच्या खुर्चीवर बसलो आणि टाइप केलं.

मी दोन बोटांनी टाइप करतो. आयुष्यभर तसंच केलंय. हात वर, कोपरं बाहेर आणि दोन तर्जन्या. कोंबडी दाणे टिपते तसं, असं माझी बायको म्हणते. मी अर्धं पान भरलं, एक अक्षर हललं नाही. "बघा, कुठे पळतंय?" पाच मिनिटांत मी माझ्या खोलीत परत होतो.

त्या रात्री जेवताना मी बायकोला हा किस्सा सांगितला. वाक्यांना पाय फुटले म्हणून आम्ही दोघंही हसलो.

पुढच्या आठवड्यात बाई परत आल्या. या वेळी मी कीबोर्ड तपासायचा प्रोग्रॅम लावला. त्यात प्रत्येक कळ दाबली की स्क्रीनवर तिचा चौकोन हिरवा होतो. सगळे चौकोन हिरवे झाले. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. "मशीन ठणठणीत आहे, बाई."

त्या थोडा वेळ त्या हिरव्या चौकोनांकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मला वाटतं, तळहात खाली टेकले की जास्त होतं."

हे वाक्य मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं. त्यांनी मला दुखणं बोट ठेवून दाखवलं होतं. दहा वर्षं हे काम करणाऱ्या माणसाला त्या एका वाक्यात सगळं कळायला हवं होतं. पण मला त्यात फक्त माझ्या लाडक्या प्रणालीवरची तक्रार ऐकू आली, आणि तीसुद्धा एका म्हाताऱ्या होत चाललेल्या टायपिस्टकडून. मी म्हणालो, "मग टेकू नका. मनगटं वर धरून टाइप करा. आजकाल तसंच सांगतात."

कोण सांगतं, देव जाणे. मी ठोकून दिलं होतं.

बाईंनी ते ऐकलं. सांगितलं की ऐकायचं, अशा पिढीतल्या त्या. कॉम्प्युटर आल्यापासून टेकवायची सवय झालेले तळहात त्यांनी उचलले आणि रोज पन्नास-साठ रिपोर्ट हात हवेत धरून टाइप करायला लागल्या. वाक्यं थोडी कमी पळायला लागली. पण दुपारनंतर दंड भरून यायचे, हात आपसूक खाली यायचे, आणि परत एखादं वाक्य जायचं. आता त्या प्रत्येक रिपोर्ट तीनतीनदा वाचायच्या. गोळीबार अडखळत व्हायला लागला. आणि पंधरा-वीस दिवसांत, संध्याकाळी घरी जाताना, त्यांचे हात थरथरायला लागले.

मी ते पाहिलं. जिन्यापाशी त्या पिशवीतून चष्म्याचं घर काढत होत्या आणि ते त्यांच्या हातात खुळखुळत होतं. दिवसभर हात हवेत धरले की कुणाचेही थरथरतील. मला काय वाटलं? मला वाटलं, चला, सापडलं कारण. मी त्यांना विचारलंसुद्धा, "बाई, हे कधीपासून?" त्यांनी दोन्ही हात पिशवीत घातले. म्हणाल्या, "माझ्या आईला होतं. साठीनंतर घास तोंडापर्यंत जायचा नाही तिचा." मी मान हलवली, फार समजूतदारपणे.

मग तो मुतखड्याचा रिपोर्ट झाला. खडा होता चार मिलिमीटरचा. पाणी पिऊन पडून जाईल एवढा. पुढच्या ओळीतला एकचा आकडा पळाला आणि चाराच्या आधी जाऊन बसला. चौदा. तीन वाचनांमधून तो सुटला, डॉक्टरांच्या सहीतूनही सुटला. पेशंट होता एक सुतार. ऑपरेशन करावं लागेल म्हणून तो तीन दिवस घाबरून होता, हातातलं काम दुसऱ्याला देऊन, पिशवी भरून, भावाला घेऊन आला. सर्जनने फिल्म परत बघितली म्हणून चाकू लागायचा वाचला. पण भाऊ गप्प बसणारा नव्हता, आणि बसायचं कारणही नव्हतं.

प्रशासकसाहेबांनी मला बोलावून विचारलं, "मशीन की माणूस? मला लेखी द्या." मी तिथेच उभ्या उभ्या लिहून दिलं: 'यंत्राची तपासणी केली. यंत्र निर्दोष आहे. चूक वापरणाऱ्याची आहे.' खाली नेहमीसारखी सही ठोकली. लॅपटॉप परत उघडूनसुद्धा बघितला नाही. चाळीस लॅपटॉप मी अंगावर घेतलेले, लिनक्स मी घातलेलं. त्यात खोट आहे असं मी माझ्या हाताने लिहीन? जिवावर आलं असतं. त्यापेक्षा बाईंचे हात खोटे ठरवणं सोपं गेलं.

बाईंना रिपोर्ट देण्याच्या खिडकीवर बसवलं. नंबर पुकारायचा, पाकीट काढायचं, रजिस्टरमध्ये सही घ्यायची. त्यांच्या जागी आलेला माणूस माझ्यासारखाच दोन बोटांचा निघाला. त्याचं एकही वाक्य पळालं नाही. दिवसाला वीस रिपोर्ट कसेबसे व्हायचे, पण अचूक. मी मनातल्या मनात स्वतःला शाबासकी दिली. बाई नसांच्या डॉक्टरांकडे जाऊन आल्याचं कानावर आलं. तपासण्यांत काही निघालं नाही, 'लक्ष ठेवू' म्हणाले. खिडकीसमोरून जाताना मी मोबाइलमध्ये बघत जायचो.

असे चार महिने गेले. बायको एका शाळेच्या ऑफिसात आहे, तिचा लॅपटॉप बिघडला म्हणून चाळिसातला एक शिल्लक होता तो मी घरी आणून दिला. रविवारी सकाळी ती शाळेचा वार्षिक अहवाल टाइप करत बसली. तीही क्लासला जाऊन शिकलेली, दहा बोटांची. मी शेजारी बसून कांदा चिरत होतो. थोड्या वेळाने ती म्हणाली, "अरे, हे काय? माझं वाक्य वर कुठे गेलं?"

मी तोंड उघडलं होतं. 'तुझाच हात लागला असेल' असं म्हणणारच होतो. आणि मग मी तिच्या हातांकडे पाहिलं. तिचे तळहात खाली टेकलेले होते, अंगठ्याखालचा मांसल भाग टचपॅडवर. टचपॅड म्हणजे कीबोर्डखालचा तो गुळगुळीत चौकोन, ज्यावर बोट फिरवून बाण हलवतात. तळहाताचा जरा भार पडला की लॅपटॉपला वाटायचं, क्लिक केलं. बाण जिथे असेल तिथे टाइप करायची जागा उडी मारायची, आणि पुढची अक्षरं तिथे पडायची.

मी लॅपटॉप माझ्याकडे ओढला. सुरी तशीच हातात.

खरं तर टाइप करत असताना टचपॅडने झोपून राहायचं असतं. ती सोय लिनक्समध्ये आहे, चालूही होती. पण या लॅपटॉपचा कीबोर्ड आतून अशा पद्धतीने जोडलेला होता, की लिनक्सला तो बाहेरून वायरीने लावलेला वाटत होता. बाहेरच्या कीबोर्डवर टाइप करणाऱ्याचे तळहात टचपॅडवर कसे येतील? मग टचपॅडला झोपवायचं कशाला? लिनक्सचं त्याच्या परीने बरोबर होतं. त्याला फक्त कुणीतरी सांगायला हवं होतं, की हा कीबोर्ड घरातलाच आहे. त्यासाठी एक छोटी फाइल लागते, चार ओळींची. शोधायला, लिहायला, लॅपटॉप बंद करून चालू करायला मला अकरा मिनिटं लागली. मोठ्या डॉक्टरांच्या उजेडाच्या बटणांना दोन दिवस दिले होते.

बायकोने परत टाइप करून बघितलं. एकही वाक्य हललं नाही. मग तिने माझ्याकडे वळून विचारलं, "ती तुमची टायपिंगबाई हेच सांगत होती ना रे? वाक्यांना पाय फुटले म्हणून आपण हसलो होतो, ती?"

मी कांदा चिरत राहिलो. डोळ्यांतून पाणी येत होतं ते कांद्याचं आहे, असं तिला वाटू दिलं.

इथवरचं कुणी माफही करेल. माणूस चुकतो. पुढचं मात्र मी कुणालाच सांगितलं नव्हतं. सोमवारी लवकर जाऊन मी ती चार ओळींची फाइल एकोणचाळीस लॅपटॉपांवर गुपचूप टाकली. रोजच्या नोंदवहीत लिहिलं, 'किरकोळ सुधारणा'. आणि गप्प बसलो. सतरा दिवस. रोज ठरवायचो आज सांगू, आणि रोज त्या खिडकीसमोरून मोबाइलमध्ये तोंड खुपसून जायचो. बायको रोज विचारायची, "सांगितलंस?" सतराव्या दिवशी तिने विचारणं सोडून दिलं. नुसतं ताट वाढून आत गेली. ते मला सहन झालं नाही. म्हणजे मला जाग आली तीसुद्धा आपली आपण नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी बगलेत लॅपटॉप मारून खिडकीमागच्या खोलीत गेलो. पाकिटांच्या ढिगाशेजारी बाई डबा खात होत्या. मी उभा राहूनच सगळं सांगितलं. टचपॅड, कीबोर्ड, चार ओळी. मनगटं वर धरा हे मीच ठोकून दिलं होतं, हेही. त्या चावायच्या थांबल्या होत्या.

"म्हणजे माझे हात..."

"तुमच्या हातांना काहीही झालेलं नाही, बाई. थरथर होती ती हात उचलून धरल्यामुळे होती."

"ती खिडकीवर आल्यावर थांबली," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, गोळ्यांशिवाय कशी थांबली. डॉक्टर म्हणाले, परत येईल कदाचित. मी रोज सकाळी उठून हात समोर धरून बघते, आली का."

मी लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला. "टाइप करून बघा. टेकवा तळहात."

त्यांनी डबा बंद केला, बेसिनपाशी गेल्या, हात धुतले, एकेक बोट पुसलं. बसल्या. तळहात टेकवले. आणि खाली मान घालून, एकेक कळ बघत टाइप करायला लागल्या. एक अक्षर, मग स्क्रीनकडे बघायच्या, ते जागेवर आहे ना. मग दुसरं अक्षर.

"बाई, बघू नका. आता नाही पळणार."

"माहीत आहे हो," त्या म्हणाल्या. "पण बघितल्याशिवाय आता धीर होत नाही."

मला तिथून पळून जावंसं वाटलं. मशीनला चार ओळी पुरल्या होत्या. यांच्यासाठी माझ्याकडे काही नव्हतं. मी पुटपुटलो, "माझं चुकलं. मी आजच साहेबांना सांगतो."

"सांगू नका. लिहून द्या." पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "माझ्याविरुद्ध लिहूनच दिलं होतंत ना? तुम्ही सांगा, मी टाइप करते."

त्यांनी नवीन पान उघडलं. मी सांगायला लागलो. "तांत्रिक कारणामुळे तपासणीत त्रुटी राहून गेल्याचे निदर्शनास आले..."

बाईंचे हात थांबले. त्या माझ्याकडे बघत बसल्या, रेकॉर्डिंग नीट ऐकू आलं नाही की पेडल दाबून थांबतात तशा.

मी परत सुरुवात केली. "मी नीट तपासलं नाही. बाईंनी मला दोनदा सांगितलं. तळहात टेकले की होतं, हेही सांगितलं. मी ऐकलं नाही. दोष मशीनच्या मांडणीत होता आणि ती मांडणी माझी होती. बाईंच्या हातांत कसलाही दोष नव्हता आणि नाही. हे कळूनही मी सतरा दिवस गप्प बसलो."

शेवटचं वाक्य सांगायची गरज नव्हती. पण एकदा तोंड उघडलं होतं. त्यांनी तेही टाइप केलं, एकेक कळ बघून. सहा-सात ओळींना पंधरा मिनिटं लागली. एरवी त्यांचा तेवढ्यात तिसरा रिपोर्ट चालू असायचा.

पुढे साहेबांनी त्यांना परत त्यांच्या खोलीत बसवलं, मला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं, ते सगळं झालं. बाईंचा वेग निम्म्यावर आला. आता त्या स्क्रीनकडे बघून टाइप करतात. डॉक्टर 'गोळीबार' म्हणत नाहीत. पण त्या दिवशी पाकिटांच्या खोलीत जे राहिलं होतं ते सांगतो आणि थांबतो.

मी छापायला टाकलं तेव्हा त्या म्हणाल्या, "दोन प्रती काढा."

"एक साहेबांना. दुसरी फाइलला का?"

"दुसरी माझ्या घरी. सुनेला दाखवायची आहे." त्या पाकिटांचा ढीग सारखा करायला लागल्या. "नात पाच महिन्यांची झाली. सून चांगली आहे हो, तोंडाने काही बोलत नाही. मी हात पुढे केले की म्हणते, आई, तुम्ही बसा, मी घेते तिला. तिची काही चूक नाही. मीच सांगितलं होतं तिला, मशीन ठीक आहे, हातच बिघडलेत, कॉम्प्युटरवाल्यांनी तपासलंय म्हणून."

माझी सही म्हणजे एक आडवी रेघ आणि शेपूट, कुणालाही वाचता येत नाही. साहेबांच्या प्रतीवर मी तीच केली. दुसऱ्या प्रतीवर सही केली आणि तिच्याखाली माझं पूर्ण नाव लिहिलं, सुटं सुटं, कुणालाही वाचता येईल असं.